छायाचित्र घडवताना – लेखांक ६ : उजेड कुठे, सावली कुठे

गेल्या आठवड्यात आपण हिस्टोग्राम वाचायला शिकलो. पांढरा भाग कुठे जळून गेला, काळा भाग कुठे बुडाला, एकूण चित्र उजळ आहे की काळपट, हे त्या आलेखावरून लगेच कळतं. पण उजेड योग्य जागी पडला आहे का, हे तो आलेख सांगू शकत नाही. आभाळ झगझगीत आणि आजीचा चेहरा अंधारात असा एक फोटो, आणि चेहरा उजळ, मागची भिंत काळोखात असा दुसरा. या दोघांचे हिस्टोग्राम जवळपास सारखे असू शकतात. पाहणाऱ्याला मात्र पहिल्यात आभाळ दिसतं आणि दुसऱ्यात आजी.

आजचा लेख या जागेच्या प्रश्नाबद्दल आहे. चित्राचा ठरावीक भाग तेवढा उजळवायचा किंवा ठरावीक भाग तेवढा गडद करायचा, या कामाला छायाचित्रकार डॉज आणि बर्न म्हणतात. फोटो एडिटिंगमधल्या सगळ्या कौशल्यांत मी याला पहिलं स्थान देतो. फिल्टर, प्रीसेट आणि रंगांची करामत नंतर आली तरी चालते. उजेडाची जागा चुकली, तर त्यातलं काहीच चित्राला वाचवू शकत नाही.

डार्करूममधली मूळ पद्धत

हे काम संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. डार्करूममध्ये निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये ठेवली जाते आणि तिच्यातून जाणारा उजेड खालच्या कागदावर पडतो. ज्या भागावर जास्त वेळ उजेड पडेल, तो भाग डेव्हलपरमध्ये जास्त काळा होतो. समजा पूर्ण प्रिंटला २० सेकंद उजेड द्यायचा आहे आणि त्यात चेहरा फार काळा येतो आहे. अशा वेळी प्रिंट करणारा तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा छोटा तुकडा लावतो आणि २० पैकी ४ सेकंद त्याची सावली चेहऱ्यावर धरतो. तेवढा उजेड कमी पोचल्यामुळे चेहरा उजळ येतो. हे झालं डॉज. आभाळ फिकं येत असेल, तर २० सेकंद संपल्यावर भोक पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्यातून किंवा दोन्ही पंजांच्या फटीतून फक्त आभाळाला आणखी १० सेकंद उजेड देतो. हे झालं बर्न.

या सगळ्या वेळात हात सतत हलता ठेवावा लागतो. तो थांबला की कागदावर पुठ्ठ्याची कड उमटते आणि पाहणाऱ्याला कारागिरी दिसू लागते. सॉफ्टवेअरमधल्या ब्रशची कड मऊ ठेवायची ती याच कारणासाठी.

डार्करूमवाल्यांची आणखी एक सवय आपण उचलायला हवी. ते आधी एक साधी प्रिंट काढतात आणि तिच्यावर पेननं गोल, रेघा आणि सेकंदांचे आकडे लिहून कामाचा नकाशा तयार करतात. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेचे न्यूयॉर्कमधले प्रिंटर पाब्लो इनिरिओ यांच्या अशा प्रिंट प्रसिद्ध झाल्या आहेत. डेनिस स्टॉक यांनी १९५५ मध्ये टाइम्स स्क्वेअरच्या पावसात चालणाऱ्या अभिनेता जेम्स डीनचा फोटो काढला होता. त्या प्रिंटवर इनिरिओ यांच्या खुणांचं जाळं पसरलेलं आहे. आपल्याला सहज टिपलेला वाटणारा तो क्षण कागदावर उतरवताना कुठे किती उजेड द्यायचा, हे असं एकेक करून ठरवलेलं होतं.

हर्नांडेझचा चंद्र

या कलेचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. १ नोव्हेंबर १९४१ रोजी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स न्यू मेक्सिको राज्यात, मनासारखं काही न मिळालेल्या दिवसाच्या शेवटी, सांता फेकडे परतत होते. वाटेत हर्नांडेझ नावाचं छोटं खेडं दिसलं. दूर बर्फाळ डोंगर, त्यांच्यावर ढगांचा पट्टा आणि वर चढलेला चंद्र; समोर चर्चजवळच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. अ‍ॅडम्स यांनी गाडी थांबवून ८ बाय १० इंची निगेटिव्हचा अवजड कॅमेरा घाईघाईनं उभा केला, पण लाइट मीटर सापडेना. ऊन तर क्षणाक्षणाला सरकत होतं.

चंद्राची प्रखरता दर चौरस फुटाला सुमारे २५० कँडल असते, हे त्यांना पाठ होतं. फ्रेड आर्चर यांच्या सोबतीनं १९४० च्या सुमारास बसवलेली झोन पद्धतही हाताशी होती. या पद्धतीत पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंतच्या छटांना ० ते १० असे टप्पे दिलेले असतात. पाचवा टप्पा म्हणजे मध्यम राखाडी, आणि प्रत्येक टप्प्याला उजेड दुप्पट होतो. अ‍ॅडम्स यांनी चंद्र सातव्या टप्प्यावर ठेवला. म्हणजे पाचव्या टप्प्यावर त्याच्या पाव प्रखरतेची, सुमारे ६० कँडलची छटा येणार. ६४ एएसएच्या फिल्मला त्यासाठी एफ/८ वर १/६० सेकंद लागतो. भिंगावर गडद पिवळा फिल्टर असल्यानं तिप्पट उजेड हवा, म्हणून १/२०. आणि जवळपासून दूरपर्यंत सगळं रेखीव यावं म्हणून एफ/३२, म्हणजे सुमारे १ सेकंद. एवढं गणित मनात करून त्यांनी फोटो घेतला. खबरदारी म्हणून दुसरा घेण्यासाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. अ‍ॅडम्स तारखांची नोंद नीट ठेवत नसत. ही तारीख आणि दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं ही वेळ खगोलअभ्यासकांनी बऱ्याच वर्षांनी चंद्राच्या स्थानावरून काढली.

निगेटिव्ह हाती आली, पण ती प्रिंट करायला महाकठीण होती. खेडं, झुडपं आणि क्रूस असलेला खालचा भाग फार पातळ होता. १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी तेवढ्याच भागावर रासायनिक प्रक्रिया करून त्याची घनता वाढवली. तरीही प्रत्येक प्रिंट काढताना काही भाग सांभाळून उजळवणं आणि आभाळाला जास्तीचा उजेड देऊन गडद करणं चुकलं नाही. या एका निगेटिव्हवरून त्यांनी आयुष्यभरात १,३०० हून अधिक प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ फिकट राखाडी आहे आणि त्यात वरच्या बाजूलाही ढगांचे पुसट पट्टे दिसतात. १९७० च्या दशकातल्या प्रिंटमध्ये तेच आभाळ जवळजवळ काळं झालं आहे, ढग त्यात विरले आहेत, आणि नजर चंद्रावरून थेट क्रुसांवर उतरते.

तरुणपणी पियानोवादक व्हायची तयारी केलेले अ‍ॅडम्स निगेटिव्हला संगीताच्या लिखित स्वरलिपीची आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची उपमा देत. एकाच निगेटिव्हच्या या वेगवेगळ्या प्रिंट पाहिल्या की त्यांना काय म्हणायचं होतं ते समजतं. क्रुसांवर ऊन होतं, चंद्र वर होता, यात त्यांनी काही बदललं नाही. बदललं ते कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं हे, आणि तो निर्णय त्यांनी फक्त उजेडाच्या वाटणीतून घेतला.

हाच विचार कार्ल्याच्या लेण्यात

आता आपल्या कॅमेऱ्याकडे येऊ. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. दुपारनंतर दर्शनी भागातल्या मोठ्या चैत्यगवाक्षातून ऊन आत येतं. समजा आपण दाराकडे पाठ करून स्तूपाचा फोटो घेतला. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे तिपाई लावता येत नाही, म्हणून आयएसओ वाढवून, कोपर अंगाशी घट्ट धरून, रॉ स्वरूपात. जवळच्या जमिनीवरचा उजेडाचा तुकडा जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवलं. घरी येऊन फोटो उघडला की डोळा कुठे जातो? आधी त्या जमिनीच्या तुकड्यावर, मग स्तूपाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर. स्तूप तिसरा.

पाहणाऱ्याची नजर सर्वांत उजळ भागाकडे, तीव्र विरोध असलेल्या कडेकडे आणि माणसाच्या चेहऱ्याकडे आधी धावते. म्हणून आता नकाशा काढायचा. जमिनीचा तुकडा उणे. पांढरा शर्ट उणे. स्तूपाचा गवाक्षाकडचा भाग अधिक. मागची वळणारी बाजू आहे तशीच, कारण तिच्यावरची सावली स्तूपाला गोलाई देते. खांबांच्या माथ्यावरचे हत्ती आणि त्यांच्यावरची युगुलं किंचित अधिक. छताच्या लाकडी कमानी आहेत तशाच. खांबांमागच्या दोन्ही वाटा काळोख्याच ठेवायच्या. तिथला तपशील वर खेचायचा मोह होईल, पण त्या काळोखामुळेच लेण्याची खोली जाणवते.

प्रत्यक्ष काम

क्रम असा ठेवा. आधी संपूर्ण चित्राचं व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट नीट करा. मग चित्र अंगठ्याएवढं लहान करून पाहा आणि डोळे थोडे मिटून बघा. तपशील दिसेनासा झाला की उजेडाचे ठोकळे तेवढे उरतात आणि चूक लगेच कळते. त्यानंतर नकाशा काढा. फोनवर स्क्रीनशॉट घेऊन त्यावर बोटानं अधिक-उणे लिहिलं तरी पुरे.

फोनवर स्नॅपसीडमधल्या ब्रशच्या साधनात डॉज आणि बर्नची सोय आहे. लाइटरूममध्ये मास्किंग उघडून मोठ्या भागांसाठी रेषीय किंवा वर्तुळाकार ग्रेडियंट आणि बारीक भागांसाठी ब्रश घ्या. फुकट हवं असेल, तर डार्कटेबलमध्ये एक्स्पोजरचं मॉड्यूल पुन्हा पुन्हा घेऊन प्रत्येक प्रतीला वेगळा मास्क देता येतो.

फोटोशॉप किंवा गिंपमध्ये मला राखाडी लेयरची पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते. नवा लेयर घ्या, तो ५० टक्के राखाडी रंगानं भरा आणि त्याचा मोड सॉफ्ट लाइट करा. राखाडी रंग अदृश्य होतो. आता त्या लेयरवर पांढऱ्या ब्रशनं रंगवलं की खालचं चित्र उजळतं, काळ्यानं रंगवलं की गडद होतं. चूक झाली, तर त्या जागी पुन्हा राखाडी फिरवा. मूळ चित्राला धक्काही लागत नाही.

ब्रश मोठा, कड पूर्ण मऊ आणि फ्लो ३ ते ५ टक्के ठेवा. एका फटक्यात फरक दिसता कामा नये. तो पाच-सहा फटक्यांनी हळूहळू साठावा. मास्कमध्ये काम करत असाल, तर एका वेळी पाव ते अर्धा स्टॉप पुरतो.

तीन दोष हटकून होतात. पहिला म्हणजे डोंगराच्या किंवा इमारतीच्या कडेभोवती उमटणारं पांढरट वलय. ब्रश कडेबाहेर सांडल्यामुळे ते येतं, आणि उजळपणावर आधारलेला मास्क वापरला की टळतं. दुसरा म्हणजे रंग भडकणं. साध्या कर्व्हनं कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही गडद होतो आणि चेहरा नारिंगी दिसू लागतो. त्या लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी केला की फक्त उजेड बदलतो. तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे: उजेडाची दिशा मोडणं. ऊन डावीकडून येत असेल आणि आपण उजवा गाल उजळवला, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण चित्र खोटं वाटेल. जिथे थोडा तरी उजेड होता तिथेच तो वाढवावा आणि जिथे सावली होती तिथेच ती दाट करावी.

मर्यादा कुठली?

हौशी छायाचित्रकार स्वतःच्या चित्राचा मालक असतो. बातमीच्या छायाचित्राला मात्र जास्त कडक बंधनं असतात. २०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या पॉल हॅन्सन यांच्या गाझामधल्या अंत्ययात्रेच्या फोटोवर संशय घेतला गेला. तज्ज्ञांनी मूळ फाइल तपासून सांगितलं की काही भागांचा रंग आणि उजेड बदललेला आहे, पण चित्रात काही जोडलेलं किंवा काढलेलं नाही. पुरस्कार कायम राहिला. २०१५ मध्ये मात्र त्याच स्पर्धेच्या उपान्त्य फेरीतली सुमारे २० टक्के छायाचित्रं फेरफार किंवा निष्काळजी एडिटिंगमुळे बाद झाली. एखादी नको असलेली वस्तू पूर्ण काळी होईपर्यंत बर्न करणं म्हणजे ती चित्रातून पुसून टाकणंच आहे. आपल्यावर स्पर्धेची सक्ती नसली, तरी ही कसोटी मला आपल्यालाही योग्य वाटते: जे समोर होतं, ते चित्रातही राहावं.

या आठवड्याचा अभ्यास असा. आपल्या संग्रहातला, विषय चांगला असूनही मनाला न भिडलेला एक जुना फोटो निवडा. त्याला प्रीसेट लावू नका, क्रॉप करू नका, रंगांना हात लावू नका. अधिक-उणेचा नकाशा काढा आणि फक्त डॉज-बर्न करा. काम झालं की फाइल बंद करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी मूळ चित्राशेजारी ठेवून पाहा. बहुधा हात जास्त चाललेला दिसेल. तेव्हा लेयरची ओपॅसिटी निम्म्यावर आणा. मग तो फोटो घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि फक्त एवढंच विचारा, की तुझी नजर आधी कुठे गेली? उत्तर तुमच्या नकाशाशी जुळलं, तर हे तंत्र तुमच्या हातात आलं आहे असं समजा. पुढच्या लेखांकात रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचं राखाडीत काय होतं ते पाहू. त्यासाठी आज तयार केलेली फाइल लेयरसकट जपून ठेवा.