डबा लपवला, आता वाट पाहा!

लपाछपीत लपणाऱ्याची एक गंमत ठरलेली असते. पहिली पाच मिनिटे त्याला वाटते, आपण सापडू नये. पुढची पाच मिनिटे वाटते, वा, काय जागा शोधली आहे! आणि त्यानंतर हळूहळू मनात पाल चुकचुकू लागते, की कुणी शोधते तरी आहे का आपल्याला, की सगळे हातपाय धुऊन जेवायला बसले?

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी हा अनुभव पुन्हा घेतला. पूर्ण बारा दिवस. फरक इतकाच, की लपले होते ते मी नव्हे, एक प्लास्टिकचा डबा. स्थळ : अमेरिकेतले ऑरेगॉन राज्य. साथीला अकरा वर्षांचा नातू.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. रानात, डोंगरावर, नाहीतर गावातल्या एखाद्या पुलाखाली डबा लपवायचा. त्याचे अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी जाहीर करायचे. ते आकडे उपग्रहाधारित यंत्रात, म्हणजे आता बहुधा मोबाइलमध्ये, घालून लोक शोधत येतात. डबा सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, आतली एखादी चीजवस्तू हवी तर घ्यायची, तिच्या बदल्यात आपली ठेवायची आणि डबा होता तसा झाकून निघायचे. बक्षीस नाही, पैसा नाही. जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे दडलेले आहेत, हे नातवाने सांगितले तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, ‘‘आणि मिळतं काय?’’ नातू म्हणाला, ‘‘डबा मिळतो, आज्जी.’’ यावर काय बोलणार?

पण खेळाचे मूळ लेकीच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे, हे कळल्यावर मी जरा सावरून बसले. गोष्ट अशी, की अमेरिकी लष्कराचे जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरत असतात. त्यांचे संकेत सामान्य माणसालाही मिळत, पण मुद्दाम बिघडवून. तुम्ही उभे एकीकडे, यंत्र दाखवणार शंभर मीटर पलीकडे. ही भेसळ थांबवण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी जाहीर केला आणि त्याच मध्यरात्री तो अमलात आला. एका रात्रीत साऱ्या जगातली यंत्रे जवळपास दसपट अचूक झाली.

ऑरेगॉनमधल्या डेव्ह अल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञाला वाटले, हे खरे का खोटे पाहावे. ३ मे रोजी त्यांनी बीव्हरक्रीक या वस्तीजवळच्या रस्त्याकडेला एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत वही आणि पेन्सिल, काही पुस्तके, व्हिडिओ फिती, संगणकाची सॉफ्टवेअर, एक बेचकी आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबा! जागेचे आकडे त्यांनी उपग्रह-दिशादर्शनाची आवड असणाऱ्या मंडळींना कळवले आणि नियम सांगितला, की काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. तीन दिवसांच्या आत दोघांनी बादली शोधली. त्यांतले पहिले, शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातले माइक टीग, पुढे अशा साऱ्या लपवणुकींची यादीच ठेवू लागले. ‘जिओकॅशिंग’ हे नावही त्याच महिन्याच्या अखेरीस रूढ झाले. मूळ जागी आज एक धातूची पाटी आहे. तो घेवड्याचा डबाही नंतर तिथेच सापडला, आणि गंजलेल्या अवस्थेत या मंडळींच्या मेळाव्यांत मानाने मिरवतो, असे म्हणतात. पंढरीला जाऊन पायरीचे दर्शन घ्यावे तशी आम्ही ती पाटी पाहून आलो.

त्या तीन दिवसांत अल्मर काय करत असतील, हा प्रश्न मला तिथे उभे असताना पडला नाही. तो पुढे पडला.

मी टपाल खात्यात बत्तीस वर्षे काढली, त्यातली निम्मी सॉर्टिंगच्या खणांसमोर. त्यामुळे डब्याच्या पत्त्यापाशी माझे कुतूहल अडकले. आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागचे डोके आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांचे, संस्कृतात नाटके आणि कविता लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे. पण पिनकोड पत्र पोस्टापर्यंत आणतो. पुढे ‘मारुतीच्या देवळामागे, कौलारू घर’ वाचून बटवडा करायला पोस्टमनच लागतो. इथे मात्र अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे साधारण १८५२ मीटर, आणि या खेळात मिनिटाचा हजारावा भाग लिहितात. म्हणजे शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा पावणेदोन-दोन मीटर हलते. इतका नेमका पत्ता मी आयुष्यात पाहिला नव्हता. ना गाव, ना गल्ली, ना नाव, आणि थेट झाडाच्या मुळाशी!

टपालाचे आणि या खेळाचे नाते तसे जुनेही आहे. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून येणाऱ्याने आपले कार्ड तिच्यात टाकावे, एवढीच कल्पना. पुढे लोक तिथे पत्ता घातलेली पत्रे ठेवू लागले, आणि नंतर येणारा ती उचलून पोस्टात टाकू लागला. आपले पत्र केव्हा पोहोचते, यावरून कळायचे की आपल्यानंतर तिथे कुणीतरी गेले. मला हे फार आवडले. बिनपगारी बटवडा!

तर आमचा डबा. चारी बाजूंनी कड्या लागणारा, पाणी न शिरणारा. नातवाला आत मी नेलेली चिक्की घालायची होती. पण खाण्याची वस्तू चालत नाही, वासाने जनावरे डबा फोडतात. मग मी नेलेला सावंतवाडीचा लाकडी भोवरा दोरीसकट आत गेला. शाई ओलीने फुटते म्हणून वहीबरोबर पेन्सिल. नियम पुष्कळ. जागेच्या मालकाची परवानगी हवी, खड्डा खणायचा नाही, दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर अंतर हवे. आणि डब्यावर तो काय आहे हे ठळक लिहावे, हे सगळ्यात महत्त्वाचे. २०११ साली इंग्लंडातल्या वेदरबी गावात असाच एक निरुपद्रवी डबा बॉम्ब समजून लष्करी पथकाने उडवून दिला होता. बेवारस वस्तूंना हात लावू नका, हे रेल्वे फलाटांवर ऐकत आयुष्य गेलेल्या मला त्या पथकाचे मुळीच नवल वाटले नाही.

गावाबाहेरच्या रानात, ओढ्याच्या अलीकडे, पडलेल्या एका जुन्या सीडारच्या पोकळीत आम्ही डबा ठेवला. वर सालपटे आणि शेवाळ. दाट झाडीखाली यंत्राचे आकडे सारखे नाचतात, म्हणून चारपाच वेळा पाहून जो आकडा जास्त वेळा आला तो मी वहीत टिपला. घरी येऊन नातवाने माहिती भरली, लेकीच्या नावावरच्या खात्यात. खेळाच्या कुणा स्वयंसेवक परीक्षकाने ती तपासली आणि शुक्रवारी संध्याकाळी डबा जाहीर झाला.

नातवाने मला बजावून ठेवले होते, की आता तासाभरात कुणीतरी पोहोचणार. नव्या डब्याच्या वहीत पहिले नाव आपले असावे म्हणून लोक जेवण टाकून, डोक्याला विजेरी बांधून धावतात. आणि धावले की! रात्री नऊच्या सुमारास पहिली नोंद आली. नातवाने उडी मारून ती उघडली आणि तसाच बसून राहिला. निळा, रडवेला चेहरा. सापडला नाही. अकराच्या आत आणखी एक निळा चेहरा. शनिवारी सकाळी तिसरा.

‘‘लपवलाच आहे तसा!’’ मी म्हणाले. पहिल्या पाच मिनिटांतला आनंद होता तो.

सोमवारपर्यंत तो ओसरला. नंतर पाऊस लागला. ऑरेगॉनचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो नुसता संपत नाही. नातू शाळेतून आला की दप्तरासकट आधी नोंद पाहायचा. मी त्याला खाणे देता देता विचारायचे नाही असे ठरवायचे आणि विचारायचे. एके काळी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या बायका माझ्या डोळ्यांपुढे येत. मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर यायची असायची. पोस्टमन दिसला की त्या काही बोलत नसत, फक्त पदर सारखा करत. पोस्टमनने मान हलवली की परत. वाट पाहणाऱ्याची बाजू मी तेव्हा काउंटरच्या आतून पाहिली होती.

आठव्या दिवशी कुणा अनुभवी खेळाडूने नोंद केली, अगदी सौजन्याने : दोनदा येऊन गेलो, मालकांनी आकडे एकदा तपासावेत. आम्ही दोघेही दुखावलो. ‘‘शोधता येत नाही आणि म्हणे आकडे तपासा,’’ हे माझे शब्द. बत्तीस वर्षांत माझ्या हातून चुकीच्या खणात गेलेली पत्रे बोटांवर मोजण्याइतकी. आकडा म्हणजे आपला प्रांत! नातवाला मात्र ते फार लागले. अकराव्या दिवशी तो म्हणाला, ‘‘आपण डबा काढून टाकू.’’ माझ्या परतीच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. जाताना मागे काय ठेवून जाणार, तर हे?

बाराव्या दिवशी, रविवारी, पाऊस थांबलेला पाहून आम्ही रानात गेलो. डबा जागच्या जागी, कोरडा ठणठणीत. भोवऱ्याचा रंगही उडाला नव्हता. भोवतीच्या शेवाळावर पाऊल उमटलेले नव्हते. आणि मग नातवाने ओढ्यापलीकडे बोट दाखवले. तिथले नेचे, आपल्या गुडघ्याएवढे येणारे, पाऽर तुडवून आडवे झाले होते. ओंडके उलटेपालटे केलेले. दहापंधरा माणसे मन लावून शोधून गेल्याच्या साऱ्या खुणा, पण आमच्यापासून तीसपस्तीस पावले दूर.

मी वही काढली. नातवाने मोबाइलवर जाहीर झालेला आकडा काढला. अक्षांशाचे शेवटचे दोन आकडे माझ्या वहीत ४६. जाहीर झालेले ६४. अठरा हजारांश, म्हणजे तेहेतीस मीटर.

‘‘तू उलटं लिहिलंस,’’ मी म्हणाले.

‘‘तू उलटं सांगितलंस! तू सहा आधी म्हणालीस!’’

आणि वाचकहो, तो खरेच सांगत होता. मी टिपताना सवयीने देवनागरी आकडे लिहिले होते. ते त्याला वाचता येत नाहीत, म्हणून घरी मी वाचून दाखवले. इंग्रजीत सांगू का म्हटले, तर तोच म्हणाला, ‘‘मराठीत सांग, मला येतं.’’ त्याला येते हे मला हवेच होते. मी म्हणाले, सेहेचाळीस. आधी सहा, मग चाळीस. फॉर्टी-सिक्सच्या क्रमाने जग ऐकणाऱ्या मुलाने सहा ऐकला, सहा लिहिला, चार ऐकला, चार लिहिला. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’ला ‘साठ तीन’ म्हणण्याची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही तावातावाने विरोधात बोलले होते. मुलांना त्रेसष्ट कळत नाही म्हणजे काय, म्हणून. माझे मत आजही फारसे बदललेले नाही. पण त्या ओल्या रानात उभे राहून मला गप्प बसावे लागले खरे.

चूक कुणाची, याचा निवाडा आम्ही केला नाही. तो म्हणाला, ‘‘लोकांना सॉरी लिहू या.’’ थोड्या अंतराचा फरक मालकाला स्वतः दुरुस्त करता येतो. दुपारी दीडला त्याने आकडे बदलले. खाली माफी लिहिली आणि कारणही : माझी आजी आकडे उजवीकडून सांगते. मी ते खोडायला लावले नाही.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी पिवळा, हसरा चेहरा आला. तोच तो, आकडे तपासा म्हणणारा. तिसऱ्यांदा आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही पुन्हा गेलो. एकदा सापडल्यावर मालकाने इतक्या लगेच जायची काही गरज नसते, तरी गेलो. वहीच्या पहिल्या पानावर थरथरत्या, म्हाताऱ्या अक्षरात त्याचे नाव, तारीख, वेळ. खाली एक ओळ. भोवरा नेला आहे, पण ही दोरी कशासाठी असते ते कळले नाही.

त्या रात्री आम्ही चार चित्रे काढली. दोरी कुठून धरायची, कशी गुंडाळायची, टोक बोटात कसे अडकवायचे आणि हाताला झटका कसा द्यायचा. क्रमाचे आकडे नातवाने घातले, इंग्रजीत. चित्रे त्या माणसाला पाठवून दिली. माझ्या निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत वहीत आणखी सहा नावे झाली होती, पण त्याचे उत्तर आले नव्हते. आता पुण्यात सकाळी उठले की आधी चहा ठेवते, आणि मग नातवाला विचारते, की काही आले का?