‘आम्ही मजेत आहोत’ यापलीकडचं बोलणं

परदेशात यायचं ठरलं की आपण भाषेची जय्यत तयारी करतो. टोफेल देतो, उच्चार सुधारतो, मुलाखतीची उत्तरं घोकतो. पण आपली मान, डोळे, हात, समोरच्यापासून ठेवलेलं अंतर, बोलताना घेतलेला थांबा यांची परीक्षा कोणीच घेत नाही. ही मंडळी व्हिसाशिवाय आपल्याबरोबर येतात आणि आपण तोंड उघडण्याआधीच बोलायला लागतात! न्यू जर्सीत सॉफ्टवेअरची नोकरी करताना गेली दहा वर्षं मी याचा अनुभव घेतोय.

मानेपासूनच सुरुवात करू. आपली दोन्ही बाजूंना हलकेच डोलणारी मान म्हणजे ‘हो’, ‘ऐकतोय’, ‘चालेल’, ‘बघू’ यांपैकी काहीही असू शकतं. आपल्याला ते प्रसंगावरून बरोबर कळतं. अमेरिकन माणसाकडे मात्र दोनच पर्याय: वर-खाली म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. आमच्या टीममध्ये पुण्याहून एक नवा मुलगा आला होता. मॅनेजरने त्याला विचारलं, ‘‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’’ त्याने मान डोलावली. मॅनेजरने गोंधळून माझ्याकडे बघितलं. ‘‘हा नाही म्हणतोय का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही नाही, हो म्हणतोय.’’ नंतर कॉफी पिताना त्या मुलाला विचारलं, तर त्याच्या मनात होतं, ‘प्रयत्न करतो!’ एका मानेचे तिघांनी तीन अर्थ काढले. तेव्हापासून आमच्याकडे मान कशीही हलवा, तारीख तोंडाने सांगायची, असा नियमच झाला.

डोळ्यांचंही तसंच. मोठी माणसं रागावत असताना खाली बघायचं, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. ‘वर तोंड करून बघतोस?’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी मुलगा विरळाच. इथे मुलाखतीत नजर खाली गेली, की आत्मविश्वास नाही किंवा काहीतरी लपवतोय असा अर्थ निघतो. अंगठ्याची गंमत तर निराळीच. इथे उंचावलेला अंगठा म्हणजे ‘छान’, आणि आपल्याकडे ‘ठेंगा दाखवणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. आता मात्र आमचे बाबाही व्हॉट्सॲपवर प्रत्येक निरोपाला ठेंगाच पाठवतात.

माणसामाणसातल्या अंतरावर एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये ‘द हिडन डायमेन्शन’ हे पुस्तक लिहिलं. अमेरिकनांचं निरीक्षण करून त्याने अंतराचे टप्पे मांडले. साधारण दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळची माणसं, चार फुटांपर्यंत मित्रमंडळी, बारा फुटांपर्यंत कामापुरते संबंध. दादर स्टेशनवर सकाळी साडेआठला हा हिशेब लावून बघा! आई इथे आली तेव्हा पोस्टाच्या रांगेत सवयीने पुढच्या बाईंना अगदी खेटून उभी राहिली. त्या एक पाऊल पुढे सरकल्या, आईसुद्धा एक पाऊल पुढे सरकली. असं करत करत त्या बाई पार काउंटरला टेकल्या.

कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये एक आकडा हमखास ऐकवतात: ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो. याचं मूळ अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांत आहे. पण त्यात वेगवेगळ्या सुरांत उच्चारलेले सुटे शब्द आणि चेहऱ्यांचे फोटो वापरले होते, आणि प्रश्न फक्त भावनेचा होता. शब्द एक सांगतात आणि सूर-चेहरा दुसरंच, अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो? तिथे चेहरा आणि सूर जिंकतात. सगळ्याच बोलण्याला हा आकडा लागू होत नाही, हे खुद्द मेहराबियननीच सांगितलंय. नाहीतर तेलुगू सिनेमा आवाज बंद करूनही ९३ टक्के समजला असता!

पण शब्द एक आणि चेहरा दुसराच, हा प्रसंग आपल्या घरी दर आठवड्याला येतो. रविवारी सकाळी आपण घरी व्हिडिओ कॉल लावतो. ‘‘कसे आहात?’’ ‘‘आम्ही मजेत आहोत. तुम्ही जपा.’’ लेकरू एवढं लांब, त्याच्या जिवाला घोर कशाला, म्हणून आपले आई-वडील शब्दांत काहीच सांगत नाहीत. जे काही कळायचं ते चेहऱ्यावरून आणि हालचालींवरूनच. आणि नेमकं तेच कॉलमध्ये गाळलं जातं.

ते कसं, हे इंजिनिअर म्हणून सांगतो. समोरासमोर बोलताना एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा किती वेळाने सुरू करतो? २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांच्यात सरासरी २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी लोक सगळ्यात चटकन, डॅनिश सगळ्यात सावकाश. आता न्यूयॉर्क ते मुंबई हे सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूचे ६० मिलिसेकंद तर निसर्गनियमानेच गेले. तारा सरळ रेषेत नसतात. त्यात कॅमेरा, वायफाय, ॲपची प्रक्रिया. हे सगळं धरून प्रश्न तिकडे पोचायला आणि उत्तर परत यायला सहज अर्धा सेकंद जादा लागतो. आपला मेंदू त्याला नेटवर्क म्हणत नाही, तो म्हणतो, ‘आई अडखळली. काहीतरी बिनसलंय.’ जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच दाखवलं: कॉलला उशीर होत असला, की लोक दोष तारेला न देता पलीकडच्या माणसाला देतात, त्याचं लक्ष नाही असं समजतात.

दुसरं म्हणजे आपले ‘हं’, ‘बरं’, ‘अगंबाई’. मराठी माणूस हुंकारावाचून ऐकूच शकत नाही. पण स्पीकरवर बोलताना आवाज घुमू नये म्हणून ॲप एका वेळी एकाच बाजूचा आवाज मोठा ठेवतं, आणि आईचा बारीकसा ‘हं’ त्यात दाबला जातो. तिसरं, नजर. आपण स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघतो, पण कॅमेरा असतो वर. त्यामुळे दोघंही एकमेकांकडे बघत असून कोणाचीच नजर कोणाला भेटत नाही.

यावर आम्ही घरगुती उपाय शोधले. मागच्या दिवाळीत घरी फोनसाठी एक साधा स्टँड पाठवला. फोन हातात असताना बाबांचं कपाळ आणि फिरता पंखा एवढंच दिसायचं. आता स्टँड जेवणाच्या टेबलाच्या टोकाला असतो आणि अर्धं घर दिसतं. ‘कसे आहात’ हा प्रश्न आम्ही बंदच केला. त्याऐवजी आई भाजी निवडते, मी इकडे भांडी लावतो, आणि कॉल नुसता चालू असतो.

असाच एका रविवारी चालू असताना बाबा पाण्याची बाटली आणायला उठले. चार पावलांचं अंतर, पण आधी टेबल, मग खुर्ची, मग भिंत असा आधार घेत गेले. परत आल्यावर मी सहज विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘‘छे रे, मला काय झालंय?’’ मी वाद घातला नाही. बहिणीला फोन केला. ती ठाण्याहून गेली, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. तळपाय बधिर झाले होते, कितीतरी महिने. रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आणि हळूहळू फरक पडला. अजून उशीर झाला असता तर नसांचं नुकसान भरून आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ‘मजेत आहे’ एवढ्यावर तो कॉल संपला असता तर हे कधी कळलं असतं, कोण जाणे.

म्हणून इथल्या माझ्यासारख्यांना सांगावंसं वाटतं, प्रश्न विचारून झाल्यावर मनात दोन आकडे मोजा आणि मगच पुढचा विचारा. महत्त्वाचं बोलताना कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा, म्हणजे तिकडे नजर पोचेल. ‘‘कुंडीतला मोगरा दाखव ना’’ म्हणा, त्या निमित्ताने आईची चाल दिसते, घर दिसतं, ओट्यावर स्वयंपाक झालाय की नाही तेही दिसतं. आणि मायदेशी असलेल्या भावंडांनो, महिन्यातून एकदा तरी आई-बाबांसमोर जाऊन बसा. आम्हाला कितीही मोठा स्क्रीन मिळाला तरी पाठीवर हात फिरवून ताप आहे का ते बघता येत नाही. तेवढं काम तुमच्याकडे. बघून आलात, की आम्हाला आई-बाबा काय म्हणाले ते सांगू नका, कसे दिसले ते सांगा.