विश्लेषण : शंभर वर्षांपूर्वीच्या बेसबॉल कार्डांचे वय कसे ओळखतात?

होनस वॅग्नर या अमेरिकी बेसबॉलपटूचे एक जुने कार्ड २०२२ मध्ये तब्बल ७२ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. हे कार्ड ज्या 'टी २०६' संचातले, त्यातील एकाही कार्डावर छपाईचे वर्ष नाही. तरीही जाणकार संग्राहक यातील काही कार्डे कोणत्या महिन्यानंतर छापली गेली, हे ठामपणे सांगतात. ते कसे?

कार्डे आली कुठून?

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात पिडमाँट, स्वीट कॅपोरल अशा सिगारेटच्या पाकिटांतून ही कार्डे वाटली. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र, त्याखाली आडनाव व संघाचे शहर. मागे तंबाखूची जाहिरात. अनेक जाहिरातींत १५०, ३५० किंवा ४६० चित्रांच्या मालिकेचा उल्लेख असतो. त्यावरून छपाईची फेरी कळते, महिना नाही.

संघबदलाचा उपयोग काय?

खेळाडू दुसऱ्या संघात गेला की छापखाना बहुधा चित्र तेच ठेवून खालचे शहर बदलत असे. जॉर्ज ब्राउन मे १९०९ मध्ये शिकागोहून वॉशिंग्टनला गेला. त्याची दोन्ही शहरांची कार्डे सापडतात. म्हणजे 'वॉशिंग्टन' छापलेले कार्ड त्या मे महिन्याच्या आधीचे असूच शकत नाही. रे डेमिट डिसेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कहून सेंट लुइसकडे गेला आणि तिथे मोजकेच सामने खेळला. त्याचे सेंट लुइसचे कार्ड फक्त 'पोलर बेअर' या तंबाखूच्या जाहिरातीसह मिळते. न्यूयॉर्कच्या कार्डापेक्षा ते कितीतरी दुर्मीळ आणि महाग! फ्रँक स्मिथच्या एका कार्डावर तर 'शिकागो आणि बोस्टन' अशी दोन्ही शहरे आहेत. तो बोस्टनला गेला ऑगस्ट १९१० मध्ये.

मग जुना संघ असलेले कार्ड आधीचे का?

नवशिके नेमके इथेच फसतात. नवा संघ दिसला तर 'याच्या आधीचे नाही' हे पक्के. पण जुना संघ दिसला म्हणून कार्ड बदलीपूर्वीचेच, असे म्हणता येत नाही. बातमी छापखान्यात पोहोचून मजकूर बदलेपर्यंत, किंवा तो बदलायची तसदी कुणी घेतलीच नाही तर, जुनाच मजकूर छापला जाणार. आयपीएलच्या लिलावानंतरही जुन्या जर्सीतले फोटो फिरत राहतात, तसेच हे.

छापलेले शहर नेहमी खरे असते का?

नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधील संघाकडून खेळणाऱ्या जो डॉइलच्या काही कार्डांवर 'नॅशनल' लीग असे छापले गेले. त्याने संघ बदलला नव्हता. नॅशनल लीगमधील न्यूयॉर्कच्या संघात लॅरी डॉइल नावाचा दुसरा खेळाडू होता. ही चूक असलेली कार्डे अगदी थोडी उरली आहेत आणि किंमत लाखो डॉलरच्या घरात आहे. त्यामुळे साध्या कार्डावर ती अक्षरे नंतर उमटवून विकण्याचे प्रकारही होतात. म्हणूनच खरेदीपूर्वी खेळाडूच्या बदलीची नोंद आणि मागची जाहिरात ताडून पाहतात, आणि मग शेवटच्या ओळीतील शाई भिंगाखाली तपासली जाते.