भेदरलेलं पिल्लू हाताळताना

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. तिथे आणि युरोपात तो हौसेने पाळतात. (भारतात देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.) पिल्लू जेमतेम वीत-दीड वीत, पण आव केवढा! मान आखडून चावायला धावतं, शेपूट थरथरवतं, हातावर घाणेरडा वास सोडतं. हा राग नव्हे, भीती. एवढ्याशा जिवावर पक्षी वरूनच झडप घालतात. म्हणून वरून आलेला हात शत्रूच वाटतो. हात बाजूने, सावकाश न्यावा आणि पोटाखाली बोटं सरकवून उचलावं. डोकं पकडू नये.

नव्या घरात पहिला आठवडा त्याला हातच लावू नये. खाऊ लागलं की दिवसाआड पाचेक मिनिटं पुरेत. लळाबिळा लागत नाही. हातापासून धोका नाही, एवढीच सवय होते. खाल्ल्यावर दोन दिवस मात्र थांबावं, नाहीतर गिळलेलं उंदराचं पिल्लू ओकून टाकतं. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही नको. हात आधी धुवावेत, कारण उंदराचा वास आला तर बोटच भक्ष्य ठरतं. नंतरही धुवावेत, सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.