चिनी मातृभाषा आणि इंग्रजीची परीक्षा

परभाषेच्या परीक्षेची तयारी म्हणजे केवळ त्या परभाषेची तयारी, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. विद्यार्थ्याने शब्द पाठ करावेत, नियम घोकावेत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, की झाले! या तयारीत त्याच्या मातृभाषेलाही काही स्थान असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी नसते. असलीच तर अडथळा म्हणून असते. हा समज कितपत यथार्थ आहे, हे तपासून पाहण्यास चिनी विद्यार्थ्याचे उदाहरण फार उपयुक्त आहे. त्याची मातृभाषा इंग्रजीपासून रचनेने, उच्चाराने आणि लिपीनेही अत्यंत दूरची. आणि तरीही इंग्रजीच्या परीक्षेस बसणाऱ्यांत त्याची संख्या फार मोठी. तेव्हा मातृभाषा परीक्षेत नेमके काय करते, हे त्याच्या उत्तरपत्रिकेत जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

परदेशी विद्यापीठांत जाऊ इच्छिणाऱ्या चिनी तरुणापुढे मुख्यतः दोन परीक्षा असतात. एक १९६४ साली अमेरिकेत सुरू झालेली 'टोफेल', आणि दुसरी १९८९ साली ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील संस्थांच्या सहकार्याने सुरू झालेली 'आयेल्ट्स'. चिनी भाषेने या दोन्ही नावांना मोठी सुरेख रूपे दिली आहेत. 'टोफेल'ला ती 'थुओ-फू' म्हणते. आपल्याकडे 'आपल्या कृपेने' म्हणतात तसा हा कृतज्ञतेचा शब्दप्रयोग आहे. 'आयेल्ट्स' झाली 'या-स', म्हणजे जणू 'सुसंस्कृत विचार'. नावे अशी मंगल असली तरी परीक्षा कठोर आहेत. 'आयेल्ट्स'चेच पाहू. तिची अंगे चार. श्रवणाच्या भागात सुमारे ३० मिनिटे ध्वनिमुद्रण एकदाच ऐकावयाचे आणि ४० प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. वाचनाच्या भागात ६० मिनिटांत ४० प्रश्न. लेखनाच्या भागात ६० मिनिटांत किमान १५० आणि किमान २५० शब्दांचे दोन मजकूर. आणि शेवटी परीक्षकाशी ११ ते १४ मिनिटे संभाषण. गुणश्रेणी ० ते ९ अशी, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी चढत जाणारी. अनेक विद्यापीठे ६.५ ची श्रेणी मागतात आणि कित्येकदा प्रत्येक अंगात एक किमान श्रेणीही मागतात. त्यामुळे अर्ध्या पायरीने एखाद्याचे वर्ष वाया जाऊ शकते, आणि परीक्षेच्या शुल्काचा भार कुटुंबावर पुन्हा पडतो.

अशा वेळी विद्यार्थी पाठांतराकडे वळला तर नवल नाही. त्याच्या देशाची परंपराही तशीच आहे. सातव्या शतकाच्या प्रारंभापासून १९०५ पर्यंत चीनमध्ये राज्याचे अधिकारी स्पर्धापरीक्षेने निवडले जात. तिच्या उत्तरकाळात 'अष्टपाद निबंध' हा ठरीव घाटाचा निबंध लिहावा लागे. त्याचे भाग किती, कोणत्या भागात समतोल वाक्यांच्या जोड्या किती, हे सारे नियत असे. त्या परीक्षा गेल्या. परंतु परीक्षेविषयीचा आदर आणि पाठांतरावरील श्रद्धा टिकली. १९७७ साली विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली, १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्वतंत्र इंग्रजी परीक्षा होऊ लागली, आणि २००१ साली प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण जाहीर झाले. या क्रमात शब्दांच्या जाड याद्या आणि निबंधांचे तयार साचे यांचा एक मोठा बाजार उभा राहिला. अकारविल्हे लावलेल्या शब्दयाद्यांत प्रारंभीच 'अ‍ॅबँडन' म्हणजे 'सोडून देणे' हा शब्द येतो. तो पाठ करून अनेक जण पुस्तकच सोडून देतात, असा विनोद चिनी विद्यार्थी स्वतःवरच करीत असतात.

निबंधाच्या साच्यांचेही तसेच आहे. 'विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी', अर्थात 'समाजाच्या वेगवान विकासाबरोबर', हा प्रारंभ, आणि पुढे 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स', म्हणजे प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, हा विचार. विषय वाहतुकीचा असो वा वृद्धांच्या सेवेचा, साचा तोच. वास्तविक 'आयेल्ट्स'च्या लेखनाचे परीक्षण चार कसोट्यांवर होते: प्रश्नाला दिलेले उत्तर, विचारांची संगती, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाचा विस्तार व अचूकपणा. तयार वाक्य यांपैकी पहिल्या कसोटीवरच अडखळते, कारण ते विचारलेल्या प्रश्नासाठी लिहिलेलेच नसते. शिवाय घोकलेल्या डौलदार वाक्यानंतर विद्यार्थ्याचे स्वतःचे वाक्य येते तेव्हा दोहोंतील शिवण अनुभवी परीक्षकाला तत्काळ दिसते. गुण ठरतात ते या दुसऱ्या वाक्यावर, आणि त्या वाक्याच्या घडणीत चिनी भाषेचा हात असतो.

तो कसा असतो हे काही उदाहरणांनी पाहू. चिनी क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत. 'काल' हा शब्द वाक्यात आला की क्रिया भूतकाळातील हे कळले. क्रियापदाने रूप बदलण्याचे कारण उरत नाही. क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, हे दाखविणारे 'ल', 'क्वो', 'च' असे अव्ययसदृश शब्द आहेत. पण ते काळाचे नव्हेत, क्रियेच्या अवस्थेचे द्योतक आहेत. म्हणून 'यस्टर्डे आय गो' असे लिहिणारा विद्यार्थी भूतकाळ विसरलेला नसतो. त्याच्या मते तो 'यस्टर्डे' या शब्दाने सांगून झालेला असतो. त्याला भूतकाळाच्या रूपांचे कोष्टक पुन्हा पाठ करावयास सांगणे व्यर्थ होय. ते त्याला येतेच. कालवाचक शब्द काढून टाकून एखादा प्रसंग सांगावयास लावावे, म्हणजे काळ दाखविण्याचा सारा भार क्रियापदावरच पडतो आणि सवय जडू लागते.

दुसरे उदाहरण चिनीतील 'यौ' या क्रियापदाचे. जवळ असणे आणि अस्तित्वात असणे, हे दोन्ही अर्थ ते वाहते. आणि त्याच्यामागून येणारे नाम लगेच पुढच्या क्रियापदाचा कर्ताही होऊ शकते. त्यामुळे 'देअर आर मेनी स्टुडंट्स वॉन्ट टु गो अब्रॉड' असे वाक्य जन्मास येते. इंग्रजीला येथे 'हू' हवे, किंवा 'देअर आर' वगळून थेट 'मेनी स्टुडंट्स वॉन्ट' अशी सुरुवात हवी. ही गोष्ट 'यौ'शी ताडून एकदा समजावून दिली तर हा दोष विद्यार्थ्याला स्वतःच्या लेखनात स्वतःच शोधता येतो.

तिसरे उदाहरण मराठी शिक्षकास अगदी घरचे वाटेल. चिनीत 'यद्यपि' या अर्थाच्या शब्दाला पुढे 'परंतु'ची जोड लागते आणि 'कारण'ला 'म्हणून'ची. साहजिकच चिनी विद्यार्थी 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट' लिहितो, 'बिकॉज' लिहून पुढे 'सो' लिहितो. आपला विद्यार्थी 'जरी पाऊस पडत होता तरी तो आला' या वळणावर जाऊन नेमके हेच करतो. 'तू चहा घेत नाहीस ना?' या प्रश्नाला 'हो, नाही घेत' असे उत्तर देणे आपल्याला जसे स्वाभाविक, तसेच ते चिनी माणसालाही. इंग्रजीत मात्र तेथे 'नो' म्हणावे लागते आणि संभाषणाच्या परीक्षेत घोटाळा होतो. नामापूर्वीची 'अ' आणि 'द' ही उपपदे चिनीतही नाहीत आणि मराठीतही नाहीत. दोन्ही भाषांचे विद्यार्थी त्या बाबतीत समदुःखी आहेत.

आणखी एक दोष केवळ उच्चाराचा आहे, पण तो अज्ञानाचा भासतो. चिनी बोलण्यात 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी 'था' हा एकच उच्चार आहे. लेखनात स्त्रीसाठी वेगळे चिन्ह आहे. ते विसाव्या शतकात रूढ झाले. संभाषणात आईविषयी बोलताना विद्यार्थी मध्येच 'ही' म्हणून जातो, तेव्हा त्याला लिंगभेद कळत नाही असे नाही. त्याच्या जिभेला तो भेद करण्याचा सराव नसतो. येथे उपाय व्याकरणाचा नव्हे, मोठ्याने बोलण्याच्या सरावाचा.

ध्वनीच्या बाबतीत तर मातृभाषेचा प्रभाव व्याकरणापर्यंत पोहोचतो. प्रमाण चिनीत अक्षराच्या शेवटी 'र'कारासारखा उच्चार सोडला तर 'न' आणि 'ङ्' ही दोनच व्यंजने येतात. इंग्रजीचे अनेकवचन आणि भूतकाळ हे तर प्रायः शब्दाच्या अंत्य व्यंजनातच वसतात. म्हणून 'बुक्स'मधील 'स' आणि 'वर्क्ट' या उच्चारातील 'ट' जिभेवर गळतो, तसाच कानातूनही गळतो. श्रवणाच्या परीक्षेत एकवचन लिहिले आणि उत्तर अनेकवचनी असले तर गुण जातो. तेव्हा वाक्ये ऐकून ती जशीच्या तशी उतरवून घेण्याचा श्रुतलेखनाचा जुना व्यायाम येथे फार उपयोगी पडतो. तपासताना मात्र केवळ शब्दांची शेवटे पाहावीत. येथे एक सावधगिरीही हवी. चिनी म्हणजे एकच बोली नव्हे. कँटनी बोलीत 'प', 'त', 'क' हे अंत्य ध्वनी आहेत, तर सिच्वान, हूनान अशा प्रांतांत अनेकांच्या बोलण्यात 'ल' आणि 'न' एकमेकांत मिसळतात. विद्यार्थी कोणत्या प्रांताचा आणि घरी काय बोलतो, हे न विचारता दिलेला उपाय अर्धवटच ठरतो.

श्रवणातील आणखी एक अडचण संख्यांची. चिनी माणूस दहा हजारांच्या गटाने मोजतो; त्या गटाला तो 'वान' म्हणतो, आणि दहा कोटींना 'यी'. इंग्रजी हजारांच्या गटाने मोजते. 'वन पॉइंट फोर बिलियन' हे शब्द कानी पडताच चिनी विद्यार्थ्याला मनात १४ यी करावे लागतात, जसे आपल्याला १४० कोटी करावे लागतात. तेवढ्यात ध्वनिमुद्रण पुढे निघून जाते. यावर उपाय एकच. ऐकलेल्या संख्येचे मनात भाषांतर न करता ती थेट अंकांत लिहिण्याचा नित्य सराव करावा.

शब्दसंपत्तीच्या बाबतीत चिनी विद्यार्थ्याची स्थिती आपल्यापेक्षा बिकट आहे. आपल्या बोलण्यात टेबल, स्टेशन, फोन हे शब्द मुरलेले आहेत. चिनी भाषेने मात्र परके शब्द घेण्यापेक्षा त्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत घडविणे अधिक पसंत केले. दूरध्वनी तेथे 'विद्युत्‌भाषण' झाला आणि संगणक 'विद्युत्‌मेंदू'. त्या विद्यार्थ्याला प्रत्येक इंग्रजी शब्द जवळजवळ शून्यापासून शिकावा लागतो. म्हणूनच यादी पाठ करण्याचा मोह होतो. परंतु यादीतील शब्दाला सोबती नसतात. 'दिवा लावणे' यासाठी चिनीत 'उघडणे' या अर्थाचे क्रियापद येते. म्हणून 'ओपन' आणि 'लाइट' हे दोन्ही शब्द अचूक पाठ असूनही विद्यार्थी 'ओपन द लाइट' म्हणतो. एकेकटा शब्द घोकण्याऐवजी तो ज्या शब्दांच्या संगतीत वावरतो त्या संगतीसह टिपून ठेवणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

सर्वच चुका मातृभाषेपासून येतात असा मात्र याचा अर्थ नव्हे. दोन भाषा शेजारी मांडून विद्यार्थ्याच्या अडचणींचे भाकीत करावे, हा विचार रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात मांडला. पुढे १९६७ साली पिट कॉर्डर यांनी दाखवून दिले की चूक ही केवळ दोष नसून शिकणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कोणते नियम घडत आहेत याची ती खूण असते. तृतीय पुरुषी एकवचनाचा 'स' विसरणे हा दोष जगातील नाना भाषांच्या विद्यार्थ्यांत आढळतो. त्याचे खापर एकट्या चिनीवर फोडता येणार नाही. म्हणून विद्यार्थ्याने चुकांची एक वही ठेवावी आणि प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे: ही माझ्या भाषेतून आली, ही इंग्रजीच्याच विचित्रपणामुळे झाली, ही घाईने झाली. काही आठवड्यांत त्या वहीवरून दिसून येते की पुष्कळशा चुकांची मुळे मोजकीच आहेत. अभ्यासाचा वेळ त्या मुळांवर खर्च झाला, तर शंभर साच्यांहून अधिक लाभ होतो.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर ज्या पिढ्यांचे इंग्रजी पोसले त्यांना मातृभाषेच्या आधाराने परभाषा शिकण्याची रीत नवी नाही. परंतु बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील शिक्षकांपुढे याहून निकटचा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गातील मुलाच्या मराठीत शेजारच्या कानडीची, हिंदीची, गुजरातीची वा तेलुगूची वळणे येतात, आणि आपण ती 'अशुद्ध' म्हणून लाल शाईने खोडतो. तेथेच क्षणभर थांबून हे वळण कोणत्या भाषेतून आले हे पाहिले, आणि दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून दाखविली, तर मुलाला आपण मूर्ख ठरलो असे वाटत नाही. आपल्याला दोन भाषा येतात आणि त्या येथे वेगळ्या वागतात, एवढेच त्याला कळते. आणि पुढचे वाक्य तो न भिता लिहितो. परीक्षकापुढे एकट्या बसलेल्या चिनी विद्यार्थ्यालाही शेवटी हेच धैर्य हवे असते, आणि ते त्याला देणे शिक्षकाच्या हाती असते.