सरड्याचं कुंपण

पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी नात शाळेतून आली ती बुटांचं खोकं छातीशी धरूनच. झाकणाला पेनाने भोकं पाडलेली. आत मूठभर सुकं गवत आणि त्यावर काळपट पडलेला एक घोयरा. उज्जैनच्या कडेला नव्या वसाहतीसाठी एका शेताचं जुनं थोराचं कुंपण जेसीबीने उपटत होते, त्यात तो सापडला. पोरं दगड उचलत होती, तेवढ्यात हिने ओढणी टाकून त्याला उचललं.

“आजी, ह्याला घर करून देऊ या ना.”

मी चष्मा लावून खोक्यात पाहिलं. वीतभर अंग, शेपटीची घट्ट गुंडाळी, पायाची बोटं दोन आणि तीनच्या जुडीत जुळून चिमट्यासारखी झालेली. पापण्या जुळून डोळ्याचा शंकू झालेला आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढं भोक. एक डोळा माझ्यावर, दुसरा दाराकडे. तीस वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. बरणीतला घोयरा कितीतरी मुलांना दाखवला. पण जिवंत घोयरा इतक्या जवळून पाहताना त्या दिवशी मला बोलायला सुचेना. तो सारखा पुढचा पाय उचलून हवेत चाचपडत होता. फांदी शोधत होता. खोक्यात फांदी नव्हती.

मी तिला सांगितलं, “बाळा, हा आपल्याकडे राहू शकत नाही.”

घोयरा म्हणजे शॅमेलिऑन; भारतात त्याची ही एकच जात आहे. जगात त्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर. आपल्या घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे; कितीही मायेने ठेवलं तरी. आम्ही वनविभागाला कळवलं. त्यांची माणसं आली, त्याला तपासलं आणि त्याच शिवारातल्या उरलेल्या कुंपणात बोरीच्या झुडपावर सोडलं. पायाला फांदी लागताच तो डुलत डुलत, वाऱ्याने पान हलावं तसा वर चढला. पाचेक मिनिटांत काळपटपणा जाऊन हिरवा झाला आणि मग आम्हाला दिसेनासाच झाला.

नात घरी येऊन खूप रडली. मी तिला नृग राजाची गोष्ट सांगितली. दान दिलेली गाय चुकून पुन्हा दुसऱ्याला दान दिली म्हणून तो राजा सरडा होऊन विहिरीत पडला आणि श्रीकृष्णाने त्याला हात देऊन वर काढलं, ही भागवतातली कथा. तोच कृष्ण आमच्या उज्जैनला सांदीपनींच्या आश्रमात शिकला, असं इथे घरोघरी सांगतात. वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडणाऱ्या नागचंद्रेश्वराच्या दर्शनासाठी आमच्या गावात रात्रभर रांगा लागतात. त्याच गावात सरडा दिसला की पोरांचा हात दगडाकडे जातो, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आधी कागद, मग घर, मग जनावर

पण तिचा ध्यास सुटेना. चौकशीअंती कळलं, की परदेशी जातीचा, माणसांकडेच जन्मलेला शॅमेलिऑन कायदेशीरपणे पाळता येतो. येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन त्यातल्या त्यात काटक. मात्र तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. “कागद नंतर देतो” असं म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. असा प्राणी बहुधा रानातून ओरबाडलेला असतो.

मी नातीला अट घातली: आधी कागद, मग घर, मग जनावर. आणि घर झालं तरी महिनाभर ते रिकामंच चालवायचं. दिवे, पाणी, झाडं, तापमान सगळं वहीत लिहायचं. प्राणी आल्यावर चुका शोधत बसलो, तर त्याची किंमत तो प्राणी मोजतो.

घर आधी करायची ही अट उपयोगी पडली. सुरुवातीला एका दुकानदाराने आम्हाला काचेची पेटी आणि लाल दिवा देऊन “एवढं पुरे” म्हणून सांगितलं होतं. कासवासाठी किंवा माशांसाठी काच ठीक. शॅमेलिऑनला खेळती हवा लागते. चारी बाजूंनी बंद काचेत हवा कोंदते, ओल साचते आणि त्याच्या फुप्फुसांना संसर्ग होतो. शिवाय काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, की त्याला ते दुसऱ्या शॅमेलिऑनचं वाटतं आणि तो दिवसभर तणावात राहतो. ती पेटी आम्ही परत केली.

मग सुताराकडून सागवानी चौकट आणि बारीक जाळीचा पिंजरा करून घेतला: दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच. पूर्ण वाढलेल्या व्हेल्डसाठी ह्याहून लहान नको. हा प्राणी जमिनीवरचा नाही, झाडावरचा आहे. त्याला लांबीपेक्षा उंची हवी. पिंजरा आम्ही टेबलावर ठेवला, म्हणजे वरची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर येते. घारीची, सापाची भीती त्याच्या रक्तात आहे. आपण त्याच्याकडे वरून वाकून पाहिलं तर तो शिकारीच समजतो. खालून पाहिलं तर निवांत असतो.

आत फांद्या लावल्या. आडव्या, तिरक्या, करंगळीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या. एकाच जाडीची गुळगुळीत काठी नको, पकड बदलत राहिली पाहिजे. मग कुंड्या: मनीप्लांट, जास्वंद आणि अंब्रेला प्लांट. व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही खातो, म्हणून झाड विषारी नसावं. कण्हेर, रुई अजिबात नको. पानांची दाटी इतकी हवी, की मनात आलं तर त्याला आपल्यापासून पूर्ण लपता यावं. लपायला जागा असलेला प्राणीच बिनधास्त बाहेर येऊन बसतो.

ऊन आणि गळती

सर्वांत महत्त्वाचा दिवा. शॅमेलिऑनला दोन वेगळे दिवे लागतात. एक ऊब देणारा, सर्वांत वरच्या फांदीच्या एका टोकावर, जिथे तापमान तीस अंशांच्या आसपास राहील. खाली पानांत पंचविसाच्या जवळ. म्हणजे ऊन आणि सावली ह्यांतली निवड त्याची. दुसरा दिवा अतिनील-बी किरणांचा, लांब नळीचा. ह्या किरणांनीच त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व बनतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा सैल होतो. साधा एलईडी दिवा हे काम करत नाही. आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही करत नाही, कारण काच ते किरण अडवते. नळी पेटलेली दिसली तरी किरण कमी होत जातात. सहा महिने ते वर्षाच्या आत ती बदलावी लागते. दोन्ही दिवे टायमरवर, दिवसाला बारा तास. रात्री पूर्ण काळोख, लाल-निळा दिवासुद्धा नको.

पाण्याने मात्र मला विचारात पाडलं. वाटीतलं साचलेलं पाणी शॅमेलिऑन सहसा ओळखतच नाही. रानात तो पानांवरचं दव आणि पावसाचे थेंब चाटतो. म्हणून सकाळी दिवे लागण्याआधी आणि संध्याकाळी पानांवर फवारा, शिवाय दिवसातून काही वेळ वरून थेंब थेंब पाणी.

वैशाख लागला, की आमच्या महाकालाच्या डोक्यावर अकरा मडक्यांची गळती बांधतात. इथे तिला गलंतिका म्हणतात. ज्येष्ठ पौर्णिमेपर्यंत त्यातून पाण्याची धार पडत राहते. आमच्या घरात महादेवावर टांगायचं तांब्याचं जुनं अभिषेकपात्र होतं. नातीने विचारलं, “आजी, हे चालेल?” तांबं नको म्हणून आम्ही कुंभाराकडून मातीचं लहान मडकं आणलं, तळाशी भोक पाडून सुताची वात घातली आणि पिंजऱ्यावर ठेवलं. थेंब जास्वंदीच्या पानावर पडतो, पानाच्या टोकाशी क्षणभर थांबतो, मग खालच्या पानावर. खाली परात. वात रोज बदलायची, मडकं दर दोन दिवसांनी घासायचं. पाणी पुरतंय का, हे विष्ठेवरून कळतं: तिच्यातला मूत्राचा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक, केशरी-पिवळा झाला किंवा डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय.

पाहुणा आला

इंदूरमध्ये एका पाळणाऱ्याकडे जन्मलेलं, नोंदणीकृत चार महिन्यांचं नर पिल्लू आम्ही आणलं. नरच घेतला, त्यालाही कारण आहे. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते. ओलसर वाळू-मातीचं खोल भांडं मिळालं नाही, तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. नवख्या माणसाने तो भार घेऊ नये.

पहिले दोन आठवडे आम्ही पिंजऱ्यात फक्त पाणी आणि खाणं देण्यापुरता हात घातला. हा कुत्र्या-मांजरासारखा अंगाखांद्यावर खेळवायचा प्राणी नाही. तो एकटा राहणारा आहे; दुसरा शॅमेलिऑनही त्याला नकोच. पाहणं हेच त्याच्यावरचं प्रेम.

खाणं जिवंत किड्यांचं. रातकिडे, नाकतोडे, कधीतरी रेशीमकिडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आदल्या दिवशी किड्यांना गाजर, भोपळा, हिरवी पानं खायला घालायची, आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरायची. शेतातून पकडून आणलेले किडे आम्ही कधीच देत नाही. माळव्यात सोयाबीनवर फवारणी असते आणि ते विष किड्यातून थेट त्याच्या पोटात जातं.

एका सकाळी नातीने चिमट्यात रातकिडा धरला. दोन्ही डोळे एकदम पुढे वळले, तोंड किंचित उघडलं, जीभ दिसली न दिसली आणि चिमटा रिकामा. ती जीभ त्याच्या अंगाच्या दीडपट तरी लांब सुटते. नातीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं, ते तीस वर्षांत माझ्या वर्गात फार थोड्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं.

रंगाचंही तसंच. आपण म्हणतो, सरड्यासारखा रंग बदलतो, म्हणजे लबाड. खरं तर तो रंगातून खरं बोलतो. थंडी वाजली तर गडद होऊन ऊन शोषतो, घाबरला तर डाग उठतात, निवांत असला तर फिकट हिरवा. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्ये दाखवून दिलं, की त्याच्या कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. जो प्राणी आपली अवस्था अंगभर लिहून दाखवतो, त्याला लबाड म्हणणं अन्यायाचं आहे.

उज्जैनचा मे महिना कठीण जातो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. पिंजरा जुन्या वाड्याच्या जाड भिंतींच्या मधल्या खोलीत ठेवतो, उबेचा दिवा सकाळी तासभरच लावतो. खोलीत कूलर असतो, पण झोत पिंजऱ्यावर नाही. त्याने तोंड उघडं ठेवलं आणि रंग फिका पडला, की त्याला उकाडा सहन होत नाही असं समजायचं. आणि डॉक्टर आधी शोधून ठेवायचा. सरपटणारे प्राणी पाहणारे पशुवैद्य थोडे आहेत. आम्ही महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयापासून विचारायला सुरुवात केली, आणि प्राणी येण्याआधीच फोन नंबर पिंजऱ्याजवळ लिहून लावला.

धाव कुठवर?

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण कुणाची कुवत मोजायला वापरतो. पिंजरा बांधून झाल्यावर मला तिचा अर्थ वेगळाच लागला. फांदीची पकड, पानांची आड, दवाचे थेंब, सकाळचं ऊन, दुपारची सावली, किडे, अंड्यांसाठी मुळाशी मऊ माती: हे सगळं एका जागी कुंपणातच असतं. एवढे दिवे, मडकं, टायमर, भुकटी लावून आम्ही घरात जे उभं केलं ते थोराबोरीचं चार फूट कुंपणच आहे, आणि तरी अपुरं.

अंगणाच्या मागच्या बाजूची पत्र्याची भिंत आम्ही ह्या वर्षी काढली. तिथे बोर, मेंदी, करवंद लावलं, वर गुळवेल सोडली. औषध मारायचं नाही असं ठरवलंय. घोयरा येईल की नाही, सांगता येत नाही. नात रोज सकाळी आधी घरातल्याला पाणी देते आणि मग मागे जाऊन मेंदीची पानं खालून वर निरखते. परवा तिथे एक साधा बागेतला सरडा बसलेला होता. शेजारचा मुलगा खाली वाकला तशी तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, “थांब, त्याचं घर आहे ते.”