खोक्याचा पुठ्ठा आणि अळंबीचे बीज

पावसाळा लागला की देवासच्या माता टेकडीच्या उतारावर काय, किंवा धारच्या जुन्या वाड्यांच्या परसात काय, पडून राहिलेल्या ओंडक्यांवर छत्र्या दिसू लागतात. यंदा आमच्या नववीच्या मुलांनी विज्ञानाच्या उपक्रमासाठी हाच विषय घेतला आहे : लाकडावर वाढणाऱ्या अळंबीचे बीजाणू घरच्या, स्वस्त साहित्यावर रुजवणे. बातमी घरोघरी पोहोचताच पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. विषारी छत्र्यांशी मुलांना खेळू देता काय, असे एकाने विचारले. शाळेत तशी यंत्रे नाहीत, मग हे होणार कसे, असे दुसऱ्याने. विश्वस्त मंडळींपैकी एकांचे म्हणणे पडले की, करायचेच तर विकता येईल असे काही करा. तिन्ही म्हणणी रास्त आहेत, म्हणून हा लेख.

आधी नावांचा घोळ मिटवू. घरात आपण अळंबी किंवा भूछत्र म्हणतो, आजी कुत्र्याची छत्री म्हणते, बाजारात खुंभी आणि मशरूम ही नावे चालतात. आमच्या उपक्रमातली अळंबी म्हणजे ढिंगरी, शिंपल्याच्या आकाराची, पांढरी-करडी. ती मूळची लाकडावरची. तिला माती लागत नाही, शेणखतही लागत नाही. लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य फार थोड्या जिवांना पचते. ढिंगरी आणि तिची भावंडे ते पचवतात. म्हणून अशा बुरशीने खाल्लेले लाकूड पांढुरके, हलके आणि धाग्याधाग्याचे होते. रातोरात उगवते म्हणतात ती फक्त छत्री. तिचे तंतू कित्येक महिने आधीपासून लाकडात पसरत असतात. छत्री हे त्या बुरशीचे फळ.

या फळाचे बी म्हणजे बीजाणू. छत्रीच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात, तिथून ते कोट्यवधींच्या संख्येने झडतात. ढिंगरीचे शंभरेक बीजाणू एका ओळीत लावले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. एकटा बीजाणू दिसत नाही, पण ढीग दिसतो. नीट वाढलेली ताजी ढिंगरी घ्यावी, देठ कापावा, पडद्यांची बाजू खाली करून ती अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि वर वाटी पालथी घालून रात्रभर सोडावी. सकाळी कागदावर पडद्यांची हुबेहूब नक्षी उमटलेली असते. रंग पांढरा, कधी किंचित जांभळट करडा. मुलांना ही नक्षी फार आवडते. रांगोळीचे ठिपके कुणी फुंकरीने घातले असावेत अशी ती दिसते.

आता विषारी छत्र्यांच्या प्रश्नाकडे येऊ. आमचा नियम साधा आहे : रानातली, मैदानातली किंवा टेकडीवरची कोणतीही छत्री शाळेत आणायची नाही आणि खायची तर मुळीच नाही. बीज फक्त लागवडीच्या, बाजारातून आणलेल्या ढिंगरीचे घ्यायचे. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळा झाला तर विषारी, किड्यांनी खाल्ली तर चांगली, या सगळ्या समजुती खोट्या आहेत आणि त्यांच्यामुळे माणसे दगावली आहेत. पावसात हिरवळीवर येणारी एक मोठी पांढरी छत्री दिसायला अगदी खाण्याजोगी असते, पण तिच्या बीजाणूंचा ठसा हिरवट पडतो आणि ती खाल्ल्यास उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो. मात्र, ठसा पांढरा आला म्हणजे छत्री खाण्याजोगी, असे कुणी समजू नये. अत्यंत विषारी जातींपैकी काहींचे ठसेही पांढरेच असतात.

दुसरी काळजी फुप्फुसांची. ढिंगरीचे बीजाणू हवेत इतके उडतात की बंद खोलीत लागवड करणाऱ्यांना खोकला, ताप आणि धाप लागण्याचा त्रास होतो. त्यासाठी बीजाणू न सोडणारे वाण तयार करण्याचे प्रयास अनेक देशांत झाले. आमच्याकडे ठसा वाटीखालीच राहतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना या कामात घेतलेले नाही. ती मुले नोंदवही आणि चित्रे सांभाळतात.

साहित्याचे म्हणाल, तर मुख्य वस्तू आहे खोक्याचा तपकिरी पुठ्ठा, ज्याला इथे सगळे गत्ता म्हणतात. पुठ्ठा म्हणजे लाकडाचा नाही तर जुन्या कागदाचा लगदा, म्हणजे एका अर्थी आधीच सैल करून ठेवलेले लाकूड. त्याच्या नागमोडी थरात हवाही राहते आणि ओलही. शिवाय त्यात साखर जवळजवळ नसते. हा त्याचा मोठा गुण आहे. पावावर किंवा शिळ्या पोळीवर येणारी बुरशी साखर-पिठावर धावते, तिला पुठ्ठ्यावर फारसे काही मिळत नाही. लाकूड खाणारीला मात्र तेवढे पुरते. कोंडा, पीठ, गूळ घातले की वाढ जोरात होते खरी, पण मग नको ते पाहुणेही पंगतीला येऊन बसतात.

कृती अशी. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आणि छापील भाग काढून टाकावा. बरणीच्या मापाचे गोल तुकडे कापून ते पाण्यात चांगले उकळावे. निवल्यावर स्वच्छ हातांनी पिळावे, पाणी ठिबकायचे थांबले की पुरे. एका बाजूचा कागद सोलून नागमोडी थर उघडा करावा. उकळून गार केलेल्या अर्ध्या वाटी पाण्यात ठशावरची चिमूटभर पूड सुईने खरवडून घालावी. सुई आधी ज्योतीत लाल करून गार करावी. तासा-दोन तासांनी हे पाणी पुठ्ठ्याच्या थरांवर शिंपडून तुकडे एकावर एक बरणीत रचावे, झाकण सैल ठेवावे आणि बरणी अंधाऱ्या, गारव्याच्या कपाटात ठेवावी. २२ ते २८ अंश उष्णता चांगली. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात ती आपोआप मिळते. उकळताना पाण्यात मूठभर लाकडाचा भुसा टाकला तरी चालते. आरा मशीनवर सागवानाचा भुसा सर्वांत सहज मिळतो आणि नेमका तोच घ्यायचा नाही, कारण सागाच्या लाकडात कीड-बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात. म्हणून तर आपली दारे सागवानाची. आंब्याचा भुसा मागावा. प्लायवूडचा नको, त्यात सरस असतो.

यातली महागडी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे स्वच्छता, आणि ती पैशांनी विकत मिळत नाही. हवेतल्या धुळीबरोबर दुसऱ्या बुरशांचे बीजाणू सतत पडत असतात. काम करताना पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणे बंद. (शेवटची अट वर्गात पाळली गेली, याचे आम्हांला अजून नवल वाटते.) मोठ्या खोक्याला हात घालण्यापुरती दोन भोके पाडून, वर पारदर्शक प्लास्टिक लावून त्याच्या आत काम केले की निम्मे संकट टळते. हाताला स्पिरिट लावले असेल तर ज्योत जवळ नको. ज्योतीचे काम शिक्षकच करतात.

दोन-तीन आठवड्यांत बरणीत काय दिसते ते नीट पाहावे. पांढरे, रेशमासारखे, पंख्याच्या आकारात पसरणारे तंतू आणि ताज्या अळंबीचा वास असेल तर आपले बीज रुजले. हिरवी किंवा काळी पूड दिसली तर दुसरीच बुरशी आली. त्यातली हिरवी फार चिवट, तिला पुठ्ठाही पचतो. बुळबुळीत आणि आंबूस असेल तर ते जिवाणू. अशी बरणी उघडायची नाही, तशीच उकळत्या पाण्यात ठेवून मग आतला माल पुरायचा. आमच्याकडेही काही बरण्या हिरव्या झाल्या. मुलांनी त्यांची चित्रे काढून नोंद ठेवली आहे, कारण शास्त्रात तीही नोंदच.

ज्यांना तंतू अधिक स्पष्ट पाहायचे आहेत त्यांच्यासाठी बटाट्याचे पाणी आहे. ५० ग्रॅम बटाटा पाव लिटर पाण्यात उकळून गाळावा, त्यात ५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम चायना ग्रास म्हणजे अगर घालून विरघळवावे, छोट्या बाटल्यांत भरून कुकरमध्ये शिट्टी धरल्यावर वीस मिनिटे ठेवावे. पूर्ण दाबाच्या कुकरमध्ये उष्णता १२१ अंशांच्या आसपास जाते, आणि मोठ्या प्रयोगशाळेतले निर्जंतुकीकरणाचे यंत्रही तेवढेच करते. अगर प्रयोगशाळेत आले तेही स्वयंपाकघरातूनच. १८८१ साली जर्मनीत डॉ. वाल्टर हेसे यांचे जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जात होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरच्या जेलीत अगर वापरत असत, त्यांनीच ते सुचवले. रॉबर्ट कॉख यांनी ते लगेच उचलले आणि आजतागायत जगभर तेच चालते.

आता सर्वांत रंजक भाग. एक बीजाणू रुजला म्हणजे अळंबी येईल का? नाही. एकट्या बीजाणूचे तंतू वाढतात, पण त्यांना सहसा फळ धरत नाही. दोन जुळणारे तंतू एकमेकांत मिसळावे लागतात आणि जुळण्याचे नियम कडक आहेत. ढिंगरीत दोन वेगवेगळे गुणघटक तपासले जातात आणि दोन्ही भिन्न असावे लागतात. आपल्याकडे सोयरीक ठरवताना गोत्रही वेगळे हवे आणि देवकही वेगळे हवे, तसेच हे. एकाच छत्रीच्या बीजाणूंचे चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाचे त्या चारांपैकी फक्त एकाशी जुळते. म्हणून एक बीजाणू न टाकता पाण्यातून हजारो शिंपडायचे. त्यांत सोयरिकी आपोआप होतात.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. बीजाणूपासून आलेली अळंबी आईसारखी असेलच असे नाही. आंब्याची कोय पेरली तर रायवळ झाड येते, हापूस हवा तर कलम लागते. अळंबीचे कलम म्हणजे देठाच्या आतल्या मगजाचा तुकडा. तो ओल्या पुठ्ठ्यावर ठेवला तर बीजाणूपेक्षा लवकर आणि खात्रीने पसरतो, कारण त्यातली जोडी आधीच जुळलेली असते. मुलांनी दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या आहेत, पालकांनी येऊन अवश्य पाहाव्या.

विश्वस्त मंडळींच्या मुद्द्याचे उत्तरही इथेच आहे. विक्रीसाठी पीक घ्यायचे तर बीजाणूंच्या वाटेला जाऊ नये. धान्यावर वाढवलेले तयार बियाणे, म्हणजे स्पॉन, विकत घ्यावे. ते तंत्र आपल्या देशात चांगले रुळले आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर ढिंगरी वाढवून दाखवली. पुढे १९७४ मध्ये जंदाईक यांनी हिमालयाच्या पायथ्याशी थोरासारख्या चिकाच्या झाडावर सापडलेली एक जात लागवडीत आणली. हिमाचलातल्या सोलन येथे १९८३ पासून अळंबीची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर बुरशांचा राष्ट्रीय संग्रहच आहे. जाती जिवंत जपून ठेवायच्या, म्हणजे हवे तेव्हा तेच बीज पुन्हा मिळते.

एक किलो कोरड्या भुशापासून साधारण अर्धा ते पाऊण किलो ताजी ढिंगरी मिळते. गव्हाचा भुसा चालतो, आणि गुरे ज्याला फारसे तोंड लावत नाहीत तो सोयाबीनचा भुसाही चालतो. माळव्यात या दोन्हींची काय कमी? एप्रिलमध्ये शेतोशेती नरवाई पेटते तेव्हा ढिंगरीचे अन्नच जळत असते. पण ताजा माल एक-दोन दिवसांत उतरतो, आणि आपल्या उन्हाळ्यात लागवड परवडत नाही. शाळेने हा धंदा काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या पालकांची शेती आहे त्यांनी धार किंवा देवासच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

विश्वस्तांनी याच निमित्ताने एक पाहणी मात्र करावी. जिवंत झाडाच्या बुंध्याशी लाकडासारखी कडक, तपकिरी, चकचकीत छत्री दिसली तर आतले लाकूड पोखरले गेल्याचे ते लक्षण असू शकते. पटांगणातली जुनी गुलमोहराची झाडे जाणत्या माणसाकडून तपासून घेतलेली बरी, तिथे मुले डबा खातात.

चातुर्मासात अळंबी चालते का, असे दोन आजींनी विचारले आहे. शास्त्रापुरते सांगायचे तर अळंबी वनस्पती नाही आणि प्राणीही नाही; तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते, जे किड्यांच्या कवचातही सापडते. पुढचा निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा. बरणीतली अळंबी शाळेत कुणालाही खायला दिली जाणार नाही.

बरण्यांची दुसरी फेरी येत्या शनिवारी भरायची आहे. मुलांनी रुंद तोंडाची काचेची बरणी, न छापलेला पुठ्ठा आणि जुने सुती कापड आणावे. आंब्याचा भुसा शाळा आणेल. ज्यांच्या घरी कुकरची जादा रबरी रिंग असेल त्यांनी ती दिली तर बरे होईल, शाळेच्या कुकरची वाफ कडेने निसटू लागली आहे.